दाढेचा ठणका आणि लाल रेघेची स्ट्रिप

प्रश्न : किडलेली दाढ वर्षातून दोन-तीनदा ठणकते. मेडिकलमधून अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) आणलं की दोन दिवसांत आराम पडायचा. या वेळी चार दिवस झाले तरी फरक नाही. जंतूंना औषधाची सवय झाली का? आता कोणती गोळी घेऊ? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : जंतू औषधाला दाद देईनासे झाले असतील, पण गोळी बदलून दाढ बरी होणार नाही. कीड आत पोचली की दाताची नस मरते आणि तिथला रक्तपुरवठा बंद पडतो. गोळी रक्तावाटेच पोचते, म्हणजे मेलेल्या नसेच्या पोकळीत ती जातच नाही. आजवर आराम पडला तो मुळाच्या टोकाबाहेरची सूज ओसरली म्हणून. आतलं बिऱ्हाड कायम होतं.

शिवाय दर खेपेला लेचेपेचे जंतू मेले, चिवट उरले. दाताच्या गळवातले प्रिव्होटेला जातीचे काही जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडतात. ते अमॉक्सिसिलिनच्या रेणूतलं मोक्याचं कडंच तोडतं, त्यामुळे शेजारचे जंतूही वाचतात. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड या विकराला अडवतं, म्हणून ते जोडून दिलं जातं. पण तीही गोळी आतल्या पोकळीत पोचत नाही. पूला वाट करून देणं, रूट कॅनाल किंवा दाढ काढणं, हाच इलाज.

नुसता ठणका असेल तर अँटिबायोटिक लागत नाही, वेदनाशामक पुरतं (अल्सर, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी विचारा). ताप आला, सूज गालावर पसरू लागली, तर अँटिबायोटिक लागतं, तेही दातांच्या उपचारासोबत. तोंड उघडेना, गिळता येईना, जिभेखाली सूज आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि स्ट्रिपवरची उभी लाल रेघ चिठ्ठीशिवाय घेऊ नका हे सांगायलाच छापलेली असते.

प्रश्न : डॉक्टर पाचच दिवसांच्या गोळ्या देतात. कोर्स अर्धवट राहत नाही का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. दाताचं मूळ दुखणं काढलं असेल तर 3 ते 7 दिवस पुरतात. तिसऱ्या दिवशी दाखवून या. कधी थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील. उरलेल्या गोळ्या मात्र पुढच्या ठणक्यासाठी डब्यात जपू नका.

प्रश्न : दवाखान्यात असे चिवट जंतू लागू शकतात का? काय पाहावं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हत्यारांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जावं. त्यावरच्या खुणेचा रंग बदललेला असावा, पण त्यावरून पाकीट तापलं एवढंच कळतं. ऑटोक्लेव्ह (हत्यारं दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) खरंच जंतू मारतो का, हे आठवड्याला स्पोअर टेस्ट लावून, म्हणजे जंतूंचे चिवट बीजाणू आत ठेवून ते मरतात का, हे पाहतात. ती होते का, हे खुशाल विचारा.

दातांच्या खुर्चीला जोडलेल्या नळ्यांतल्या पाण्याकडे सहसा कोणी बघत नाही. नळ्या अरुंद, पाणी रात्रभर तुंबलेलं, त्यामुळे आत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. दोन पेशंटांमध्ये 20 ते 30 सेकंद पाणी सोडलं तर सुटे जंतू जातात, थर तसाच राहतो. त्याला जंतुनाशकच लागतं. 2016 मध्ये कॅलिफोर्नियात लहान मुलांच्या दातांच्या नसेवर उपचार करताना वापरलेल्या अशाच पाण्यातून मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस नावाचा जंतू पसरला. हा बहुतेक अँटिबायोटिकांना जुमानत नाही, काही मुलांच्या जबड्याच्या शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

म्हणून दाढ काढताना किंवा हिरडी कापताना नळीचं पाणी नको, निर्जंतुक सलाईन हवं. बाटलीचं सील तेव्हाच फोडलेलं असावं. कालची अर्धी, बोळा लावून ठेवलेली बाटली दिसली तर नवी मागा.