'प्रदत्त', 'प्रत्यायोजित' की सरळ 'सोपवलेले'? एका मंजुरीपत्रावरनं निघालेली चर्चा

एका दादांनी प्रश्न विचारलाय. ते कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका छोट्या वाचनालयाचं काम बघतात. त्यांना एका ऑफिसातनं पत्र आलं, त्यात लिहिलंय "प्रदत्त अधिकारान्वये मान्यता देण्यात येत आहे", आणि त्याच पत्रासोबतच्या टिपणीत मात्र "प्रत्यायोजित अधिकार" असा शब्द आहे, तर हे दोन्ही एकच का? शिवाय त्यांची मावसबहीण इंग्लंडात असते, तिथल्या मराठी मंडळाला कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं, कम्युनिटी ग्रँट मिळालंय आणि मेलमध्ये असं आहे की ऑफिसरनं डेलिगेटेड ऑथॉरिटीखाली, म्हणजे वरनं सोपवलेल्या अधिकारात, ते अप्रूव्ह केलं, तर मंडळाच्या मराठी अहवालात हे कसं लिहायचं, हा दुसरा प्रश्न.

दादा, थोडक्यात उत्तर: दोन्ही एक नाहीत, पण ऑफिसात ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. आणि बहिणीला अहवालात 'प्रदत्त' लिहू नका म्हणून सांगा, तिथं तो शब्द चुकेल. का ते आता सविस्तर.

'प्रदत्त' म्हणजे दिलेलं. प्र आणि दत्त, दा धातू, आपला दत्त त्यातलाच. कायद्याच्या भाषेत हा शब्द जास्त करून 'प्रदान' या रूपात येतो. शासनाची कुठलीही अधिसूचना काढून बघा, सुरुवातच अशी असते की अमुक कलमान्वये प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून शासन याद्वारे वगैरे वगैरे. म्हणजे देणारा कोण, तर कायदा. कायद्यानं त्या पदाला अधिकार दिलाय, त्या खुर्चीवर कोणीही बसलं तरी तो त्याच्याकडं येतोच.

'प्रत्यायोजन' वेगळं आहे. प्रति अधिक आयोजन. आयोजन म्हटलं की आपल्याला कार्यक्रमाचं आयोजन आठवतं म्हणून हा शब्द पहिल्यांदा वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, पण मुळात युज् धातू आहे, जोडणे, जुंपणे, कामाला लावणे असा अर्थ. ज्याच्याकडं अधिकार आहे तो त्यातला काही भाग हाताखालच्या दुसऱ्या माणसाला जोडून देतो ते प्रत्यायोजन. इथं कायदा थेट देत नाही, कायद्यानं ज्याला दिलंय तो माणूस पुढं देतो, आणि देऊन मोकळा होत नाही. माझ्या मते सगळी मेख या शेवटच्या चार शब्दांत आहे.

महापालिकेचंच उदाहरण घेऊ. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची, तिची महानगरपालिका झाली १९७२ ला. महापालिका ज्या कायद्यावर चालते तो १९४९ चा, आधी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणायचे, आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. त्यात महापालिका सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त ही वेगवेगळी प्राधिकरणं म्हणून सांगितलीत आणि कार्यकारी अधिकार आयुक्तांकडं दिलाय. हा झाला आयुक्तांचा प्रदत्त अधिकार, तो त्यांना सभागृहानं दिलेला नाही, कायद्यानं दिलाय. मग त्याच कायद्याचं कलम ६९ म्हणतं की आयुक्त आपले अधिकार दुसऱ्या पालिका अधिकाऱ्याला वापरायला देऊ शकतात, पण लेखी आदेशानं, आणि ते वापरायचे आयुक्तांच्या नियंत्रणाखाली, आयुक्तांना तो निर्णय परत तपासता येईल अशा बेतानं. म्हणजे उपायुक्तांनी किंवा सहायक आयुक्तांनी अशा आदेशावरनं एखादी फाईल मंजूर केली तर तो प्रत्यायोजित अधिकार. सही उपायुक्तांची, निर्णय पण त्यांचाच, पण मुळातला अधिकार आयुक्तांचा.

आता तुम्ही म्हणाल मग ऑफिसात घोळ का होतो. तर त्याचं कारण खुद्द शासनाची भाषा पण एकसारखी नाही. वित्तीय अधिकार नियमपुस्तिका, १९७८ चा दाखला कितीतरी शासन निर्णयांच्या शेवटी असतो, ती पुस्तिका कोणत्या पातळीवरच्या अधिकाऱ्यानं किती खर्च मंजूर करायचा ते ठरवते, म्हणजे विषय शंभर टक्के प्रत्यायोजनाचा. पण तिथं पण वाक्य असतं "विभागांना प्रदान केलेल्या अधिकारानुसार". त्यामुळं कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्यासमोर जो जुना नमुना आहे त्यात जे आहे तेच तो टाइप करतो. तरी मला मनापासून वाटतं की हा फरक पाळला पाहिजे, कारण त्यावर सामान्य माणसाचं एक काम अडतं: निर्णय पटला नाही तर दाद कोणाकडं मागायची? प्रत्यायोजित अधिकारातला निर्णय असेल तर ज्याचा मूळ अधिकार आहे त्याच्या दारात जाता येतं, त्याला विचारता येतं. पत्रावर नुसतं 'प्रदत्त' असलं की वाचणाऱ्याला वाटतं विषय संपला.

आणि इंग्लंडचं म्हणाल तर तिथं गणितच वेगळं आहे. तिथं आपल्यासारखा आयुक्त नाही ज्याला कायद्यानं थेट कार्यकारी अधिकार दिलाय. १९७२ च्या त्यांच्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टचं कलम १०१ सांगतं की कौन्सिलला आपलं काम कमिटीकडं, सब-कमिटीकडं नाहीतर ऑफिसरकडं देता येतं, आणि दिलं तरी कौन्सिलला ते स्वतः करायची मुभा राहते. २००० च्या कायद्यानंतर बऱ्याच ठिकाणी मध्ये लीडर आणि कॅबिनेट (निवडून आलेल्यांतला प्रमुख आणि त्याचं छोटं मंडळ) आलं, पण ऑफिसरकडं जे येतं ते वरनं कोणीतरी सोपवलेलंच असतं. म्हणून म्हटलं की तुमच्या बहिणीच्या अहवालात 'प्रदत्त' नको. छोटी रक्कम असली की दरवेळी निवडून आलेल्या सगळ्यांनी बसून ठरवायला नको म्हणून ऑफिसरला एका मर्यादेपर्यंत मोकळीक देतात, तेच हे डेलिगेटेड ऑथॉरिटी. एक गोष्ट मात्र दोन्हीकडं सारखी: कागद. आपल्याकडं अधिकार सोपवल्याचा आदेश लेखी लागतो, आणि त्यांच्याकडं २०१४ पासून ऑफिसरनं अशा अधिकारात घेतलेल्या ठरावीक निर्णयांची लेखी नोंद ठेवावी लागते, कारणासकट.

आता माझ्या आवडीच्या भागाकडं येतो. प्रत्यायोजन हा शब्द कोशात असू दे, पण बोलताना कोण म्हणतं? माझ्या कानावर तर आजपर्यंत एकदाही आला नाही. मग मराठी माणूस ही गोष्ट इतकी वर्षं कुठल्या शब्दात सांगत होता?

पहिला शब्द अखत्यार. "ते माझ्या अखत्यारीत येत नाही" हे वाक्य प्रत्येकानं कुठल्या ना कुठल्या खिडकीवर ऐकलेलं असतं. अरबीतला इख्तियार, अर्थ निवड, पसंती, आणि मग पसंतीनं वागायची मोकळीक म्हणजे अधिकार. त्याच धातूचा दुसरा शब्द मुखत्यार, म्हणजे निवडलेला माणूस. मुखत्यारपत्र आपण अजून करतो, गावाकडची जमीन बघायला चुलतभावाला करून देतो ते. कुलमुखत्यार म्हटलं की सगळेच अधिकार दिले. बघा किती सुंदर जोडी आहे, अधिकार आणि ज्याला तो दिला तो माणूस, दोन्ही एकाच मुळातनं.

तिसरा वकील. आज आपल्या डोळ्यासमोर काळा कोट येतो पण मराठेशाहीत वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारात आपल्या धन्याच्या वतीनं बसणारा माणूस. अरबीत मूळ अर्थच 'ज्याच्यावर काम सोपवलंय तो'. आपण वकीलपत्रावर सही करतो तेव्हा तेच करत असतो, केस आपलीच राहते, बोलतो तो.

आणि आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण तर पन्हाळ्यावरचं आहे. १६८९ ला राजाराम छत्रपती पन्हाळ्यावरनं निसटून जिंजीकडं गेले तेव्हा इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवला, आणि त्यांना 'हुकुमतपनाह' असा किताब दिला. फारसी शब्द आहे, पनाह म्हणजे आसरा, सत्तेला ज्यांचा आसरा आहे ते. छत्रपती शेकडो कोस लांब, पण राज्य छत्रपतींचंच, पंत त्यांच्या वतीनं चालवत होते. गगनबावड्याची जहागीर याच अमात्य घराण्याची. आज कोणी एवढ्या मोठ्या जबाबदारीला "प्रत्यायोजन" म्हटलं असतं तर त्यातला जीवच गेला असता असं मला वाटतं.

म्हणून माझं मत सरळ आहे, रोजच्या पत्रात 'सोपवलेले अधिकार' लिहावं. सोपवणे हा समर्पणाशी नातं असलेला शब्द आहे, संस्कृत समर्पय पासनं घासत घासत आलेला, आणि त्यात विश्वास पण आहे आणि 'परत विचारणार आहे' हे पण आहे. पोर शेजारी सोपवून गेलो म्हणजे पोर शेजाऱ्याचं झालं नाही. हा अर्थ प्रदत्तमध्ये नाही, प्रत्यायोजितमध्ये असला तरी कोणाला दिसत नाही.

राहिलं 'मान्यता देण्यात येत आहे'. दादा, हे नीट वाचा, कारण यात पैशाचा प्रश्न आहे. मान्यता आणि मंजुरी बोलताना सारखेच वापरतात पण मान्यता म्हणजे पैसे नव्हेत. तुम्ही तर वाचनालयवाले, तुम्हाला हे पटकन कळेल. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयाला आधी शासनमान्यता मिळते, मग वर्ग पडतो, अ ब क ड, आणि परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला मिळणारे पैसे, मंजूर व्हायचं ते त्यानंतर. शाळांचं बघा, मान्यता असलेल्या विनाअनुदानित शाळा किती आहेत, तिथले मास्तर सांगतील मान्यता आणि अनुदान यातलं अंतर किती असतं ते. बांधकामाला पण आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक, मग निविदा, आणि पैसे बीडीएसवर, म्हणजे शासनाच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, दिसतील तेव्हा.

आमच्या ओळखीतल्या एका महिला बचत गटाला असंच मान्यतेचं पत्र आलं होतं शिलाई मशीनसाठी. ऑफिसचं नाव सांगत नाही. पत्र हातात पडलं तसं बायकांनी मशीनं उधारीवर उचलली, कारण पत्रात रक्कम लिहिली होती आणि खाली सही शिक्का होता, कुणालाही वाटणारच की पैसे आले. प्रत्यक्षात निधी वितरणाचा वेगळा आदेश लागत होता आणि तो मार्चएंडला निघाला. तोवर दुकानदाराचे फोन, घरातली बोलणी, गटात भांडणं. एका शब्दानं एवढं होतं. पत्रात फक्त एक ओळ जास्त हवी होती, "निधी वितरणाचा आदेश स्वतंत्रपणे काढला जाईल, तोपर्यंत खर्च करू नये". ती ओळ लिहायला कुठलाच कायदा आड येत नाही.

मंजूर या शब्दाची गंमत पण सांगून ठेवतो, तो पण अरबीच, मूळ अर्थ 'पाहिलेलं'. नजर, नाझर हे त्याच धातूचे. कोर्टातला नाझर म्हणजे देखरेख करणारा. (नजराणा मात्र त्यातला नाही, तो नज्र म्हणजे नवस, भेट या वेगळ्या शब्दावरनं, मराठीत दोन्ही ज सारखेच झाले म्हणून घोटाळा होतो.) तर मंजूर म्हणजे नजरेखालनं गेलेलं. मला हे फार आवडतं, मंजुरी द्यायची तर आधी कोणीतरी तो अर्ज खरंच बघितला पाहिजे.

अजून एक, तुमच्या पत्राच्या खाली सहीच्या वर 'करिता' लिहिलंय का बघा. "आयुक्तांकरिता" किंवा "स्थळप्रतीवर मा. आयुक्त यांची स्वाक्षरी असे" (स्थळप्रत म्हणजे ऑफिसात राहणारी प्रत) असं काही असेल तर निर्णय साहेबांनीच घेतलाय, खालच्या अधिकाऱ्यानं फक्त कळवलंय. ते प्रत्यायोजन नाही. आणि तसं काही नसून नुसतं अधिकाऱ्याचं पदनाम असेल तर तो सोपवलेल्या अधिकारातला निर्णय असू शकतो, तेव्हा ज्या आदेशानं अधिकार सोपवले त्याचा क्रमांक आणि तारीख पत्रात हवी. नसेल तर मागून घ्या, माहितीच्या अधिकारात पण मागता येते.

बहिणीच्या अहवालासाठी माझ्याकडनं वाक्य असं: "कौन्सिलनं सोपवलेल्या अधिकारात संबंधित अधिकाऱ्यांनी आपल्या मंडळाचं अनुदान मंजूर केलं." पैसे खात्यावर जमा झाले असतील तर पुढं "आणि रक्कम जमा झाली" एवढं जोडा, झाले नसतील तर ते शब्द तेवढे थांबवून ठेवा.