तार तुटली आणि वारा फिरला: 'ब्लॅक सॅटर्डे'विषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्याचा मी एका ओळीत उल्लेख केला होता. १७३ माणसं गेली तो हा शनिवार. एका ओळीत उरकलंत, अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. तक्रार रास्त आहे.

प्रश्न: एक तार तुटली आणि शंभरावर माणसं मेली, हे पटत नाही. खरं कारण दडपलंय का? (नाशिक)

दडपलेलं काही नाही. रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, तारेचं टोकन् टोक तपासलं. किलमोर ईस्ट गावाजवळ विजेची एक एकेरी पोलादी तार दरी ओलांडून जात होती. दोन खांबांमधलं अंतर किलोमीटरभर, तारेचं वय चाळीसच्या पुढे. खांबाला तार अडकवतात तिथला पीळ त्याच्या खोबणीत नीट बसलेला नव्हता. वाऱ्याने तार थरथरायची आणि नेमकी त्याच जागी झिजायची. पक्कड नसली की आपण तार मागेपुढे वाकवून तोडतो ना, तसंच. फक्त इथे त्याला बरीच वर्षं लागली. त्या दिवशी सकाळी पावणेबाराच्या सुमारास ती तुटली. त्या एका आगीत ११९ जण गेले.

पण तार एरवी तुटली असती तर गावच्या बंबाने तासाभरात आग आटोक्यात आणली असती. पण त्या शनिवारामागे दहा-बारा वर्षांचा दुष्काळ होता. जानेवारीअखेर मेलबर्नमध्ये सलग तीन दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता आणि त्या शनिवारी तो ४६.४ वर गेला. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या घरात. दुपारभर उत्तरेच्या वाऱ्याने आग दक्षिणेकडे लांबट, अरुंद पट्ट्यासारखी धावली. संध्याकाळी वारा नैर्ऋत्येकडून आला आणि त्या पट्ट्याची मैलोन् मैल लांबीची अख्खी कूसच आगीचं तोंड झाली. डोंगरमाथ्यावरचं किंगलेक त्या तोंडात सापडलं. मला विचाराल तर ठिणगीपेक्षा हे वळण जास्त जीवघेणं ठरलं.

प्रश्न: आमच्या बांधावर निलगिरी आहे. तेलामुळे ती भडकते म्हणतात. तोडू का? (सातारा)

पाणी ओढते म्हणून तोडायची तर खुशाल तोडा. आगीच्या भीतीने नको; खालची साल आणि पाला वेळच्या वेळी गोळा करा, पुरे. तेल आहेच, पण तिथली खरी डोकेदुखी साल. काही जातींची साल लांबच लांब फितींनी सुटते, पेटते आणि वाऱ्यावर उडते. त्या दिवशी मुख्य आगीच्या ३५ किलोमीटर पुढे नव्या आगी लागल्या.

आपला सह्याद्रीतला वणवा बहुतेक गवताचा. ओल्या डहाळ्यांनी झोडपून तो विझवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. निलगिरीच्या पेटलेल्या शेंड्यांपुढे डहाळी घेऊन कोणी उभं राहत नाही.

प्रश्न: घरटी गाडी, हातात फोन. तरी माणसं पळाली का नाहीत? (पुणे)

कारण त्यांना वर्षानुवर्षं तेच शिकवलं होतं: घराची नीट तयारी करून थांबा आणि झुंजा, नाहीतर लवकर निघा. हसू नका, या सल्ल्यामागे अनुभव होता. उशिरा निघालेली माणसं रस्त्यावर, गाडीत जळतात. आणि घर बहुधा थेट ज्वाळेने जात नाही, उडत आलेल्या निखाऱ्यांनी जातं: पन्हळीतला पाला, छपराखालची फट, दारातलं पायपुसणं. बादली आणि ओलं फडकं घेऊन कोणी जागेवर असेल तर ते वाचतं.

एरवीच्या वाईट दिवशी. त्या शनिवारी वीज गेली तसे विजेवरचे पंप बंद पडले, आणि पंप चालू असलेल्यांचीही घरं गेली. मेलेल्यांपैकी ११३ जण घरांत सापडले. आदल्या दिवशी राज्याचे प्रमुख जॉन ब्रम्बी यांनी उद्याचा दिवस राज्याच्या इतिहासात सर्वांत वाईट ठरू शकतो, असं सांगितलं होतं. ते ऐकलं सगळ्यांनी, पण 'आग तुमच्या गावाकडे वळली आहे' हे कित्येक गावांना कोणी वेळेत कळवलंच नाही. शिवाय धोरणात नसलेला तिसरा पर्याय लोकांच्या मनात होताच: 'बघू, आली तर निघू.' तो आपल्याही मनात असतो.

आता धोक्याची सर्वांत वरची पायरी 'कॅटॅस्ट्रॉफिक'. ती जाहीर झाली की झुंजायचं नाही. आदल्या रात्री किंवा पहाटेच निघायचं.

प्रश्न: कोणाला शिक्षा झाली का? (कोल्हापूर)

त्याच दिवशीची, चर्चिल गावाजवळची दुसरी एक आग एकाने मुद्दाम लावली होती. त्याला २०१२ मध्ये १७ वर्षं ९ महिन्यांची कैद झाली. तारेच्या बाबतीत तुरुंगात कोणी गेलं नाही. वीजकंपनी आणि इतरांनी २०१४ मध्ये जवळपास ५० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड केली, दोष मान्य न करता. आयोगाने तपासलेल्या १५ आगींपैकी ५ विजेच्या यंत्रणेशी निगडित निघाल्या, हे वाचून मला आपल्याकडच्या लोंबत्या तारा आठवल्या.

प्रश्न: मुलगा मेलबर्नबाहेर टेकडीवर घर घेतोय. काय बघावं? (ठाणे)

त्याला आधी 'बुशफायर अटॅक लेव्हल', म्हणजे त्या घराला वणव्याची झळ किती बसू शकते याची श्रेणी, विचारायला सांगा. मग गावातून बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, ते बघू दे. आणि गॅलरीतून झकास दिसणारी ती दरी? आग चढाने धावते. दर दहा अंश चढाला वेग साधारण दुप्पट.

प्रश्न: जंगल परत आलं का? (रत्नागिरी)

२०१४ मध्ये मी मेरीसव्हिलच्या वरच्या रस्त्याने गेलो होतो. गाव जवळजवळ सगळं जळालेलं, ते नव्याने उभं राहत होतं. पत्रे अजून चकचकीत. वर माउंटन अ‍ॅश या निलगिरीच्याच उंच जातीचे मेलेले बुंधे राखाडी खांबांसारखे उभे, आणि खाली त्यांचीच रोपं, माझ्या दुप्पट उंच, हात शिरणार नाही इतकी दाट. हे झाड जळून मरतं, पण मरता मरता शेंड्यावरच्या बोंडांतलं बी राखेत सांडतं. त्या रोपांना स्वतःचं बी धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात. त्याआधी पुन्हा आग आली तर सांडायला बीच नसतं.

तिथला लेडबीटर्स पॉसम हा मुठीएवढा प्राणी जुन्या झाडांच्या ढोल्यांत राहतो. अशी ढोली पडायला झाडाचं वय शंभराच्या पुढे जावं लागतं.