अनुवादाचं काम देण्याआधी क्लायंट फुकट सॅम्पल मागतोय. द्यावं का?

छोटं सॅम्पल द्या, पण त्यांच्या चालू कामाचा तुकडा फुकटात करून देऊ नका. दोनशे-अडीचशे शब्दांत भाषा, परिभाषा, शुद्धलेखन सगळं कळतं; हजार शब्द मागणाऱ्याला पारख करायची नसते, काम हवं असतं. एकच मॅन्युअल दहा अर्जदारांत ‘टेस्ट’ म्हणून वाटायचं आणि आलेले तुकडे जोडायचे, ही या धंद्यातली जुनी युक्ती. मजकूर ‘४.३’ अशा मधल्याच मुद्द्यापासून सुरू होत असेल, वर ‘उद्या सकाळपर्यंत’ची घाई असेल आणि दर विचारल्यावर ‘आधी सॅम्पल बघू’ असं उत्तर येत असेल, तर सावध व्हा.

त्याऐवजी गोपनीय नसलेल्या जुन्या कामातले दोन उतारे पाठवा, मूळ आणि अनुवाद शेजारी-शेजारी. त्यांचाच मजकूर हवा असेल, तर पहिले २०० शब्द फुकट, पुढे नेहमीचा दर. काम मिळालं तर सॅम्पलसाठी त्यांनी दिलेली रक्कम पहिल्या बिलातून वजा. खरा क्लायंट सहसा यावर अडत नाही. मेलमध्ये ‘फक्त मूल्यमापनासाठी, मोबदल्याशिवाय वापरू नये’ हेही लिहा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत. म्हणूनच टेस्टच्या फॉर्मखालचा बारीक मजकूर न वाचता सही करू नका.

अपवाद एजन्सीचा: सगळ्यांना तोच ठरलेला, तीनशेक शब्दांचा उतारा देत असतील तर बिनपैशाची टेस्ट द्यायला हरकत नाही. फक्त दर आधी विचारा.