स्पॅनिशमधला ‘केदार’: कुठे राहतो, कुठे उरतो, कुठे अंगाला बसतो

प्रश्न : वर्गात ‘केदार’ या क्रियापदाचा अर्थ ‘राहणे’ असा लिहून घेतला होता. पुढच्या पाठांत कपडे घेताना तेच, मित्राला भेटायचं ठरवताना तेच, साखर संपली तरी तेच. नेमका कोणता अर्थ धरायचा? – एक वाचक, कोथरूड

‘राहणे’ धरून बसाल तर निम्म्या वाक्यांत अडाल. सुरुवात ‘उरणे’पासून करा. नो केदा आसुकार, साखर उरलेली नाही. केदान दिएस मिनुतोस, दहा मिनिटं उरलीत. क्रियापद उरलेल्या वस्तूप्रमाणे चालतं. वस्तू एक असेल तर केदा, अनेक असतील तर केदान. ज्याच्याकडे उरलं तो माणूस मे, ते, ले, नोस, लेस अशा छोट्या सर्वनामात येतो. मे केदान दोस एउरोस, माझ्याकडे दोन युरो उरलेत. मराठीतही ‘उरलेत’ हे युरोंप्रमाणेच चालतं, ‘मी’प्रमाणे नाही. म्हणजे ही रचना तुमच्या कानाला मुळात परकी नाही. तरीही ‘यो केदो दोस एउरोस’ असं वाक्य वह्यांमध्ये हमखास सापडतं, कारण आपण मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतो आणि मग त्याचं स्पॅनिश करतो. इथे मराठीतून थेट गेलात तर चूक होतच नाही.

पुढे ‘पोर’ आणि मूळ क्रियापद जोडलं की ‘करायचं राहिलंय’ हा अर्थ मिळतो. नोस केदा मुचो पोर आसेर, आपलं अजून बरंच करायचं राहिलंय.

प्रश्न : ‘मे केदा ग्रांदे’ म्हणजे ‘मी मोठा राहतो’ का? – डेक्कनवरच्या क्लासची विद्यार्थिनी

नाही. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात तुम्ही म्हणता ना, ‘हा मला मोठा होतोय’, तेच हे. ला कामीसा मे केदा ग्रांदे, शर्ट मला मोठा होतो. रचना पहिल्या उत्तरातलीच आहे, फक्त विशेषणाचं लिंग-वचन कपड्याशी जुळवावं लागतं: लोस पांतालोनेस मे केदान लार्गोस, पँट मला लांब होते. पँट मराठीत एकवचनी असली तरी इथे अनेकवचनी चालली आहे, म्हणून केदान आणि लार्गोस. पाठातला ‘ग्रांदे’ दोन्ही लिंगांत सारखाच दिसतो, त्यामुळे ‘लार्गो, लार्गा’ आलं की अनेकांची गडबड होते.

विशेषणाच्या जागी ‘ब्येन’ आलं की शोभण्याचा अर्थ येतो. एसे कोलोर ते केदा ब्येन, तो रंग तुला छान दिसतो. ‘ब्येन’ला लिंग-वचन नाही, ते बदलू नका.

स्वयंपाकघरातही हीच रचना. मिसळ खाऊन समोरचा म्हणाला ‘ते केदो मुय पिकांते’, तर तो म्हणतोय, ‘तुझी फार तिखट झालीय.’ भात कडक झाला तर मे केदो दुरो. शर्ट ‘होतो’ आणि भातही ‘होतो’. दोन्हीकडे मराठीचं ‘होणे’ चपखल बसतं. या दोन वाक्यांतलं ‘केदो’ भूतकाळी आहे, म्हणून जोर शेवटच्या ‘दो’वर. जोर ‘के’वर गेला की तोच शब्द ‘मी राहतो’ असा वर्तमानकाळी होतो. लिहिताना ओ-वरची तिरकी रेघ गाळू नका.

प्रश्न : माद्रिदच्या टीमसोबत काम करतो. कॉल संपताना ते ‘एन के केदामोस?’ म्हणतात. आम्ही थांबायचं का, असं विचारतात का? – हिंजवडी

‘मग काय ठरलं?’ असं विचारतात. उत्तर ‘केदामोस एन…’ने द्या आणि पुढे मूळ क्रियापद ठेवा. एमोस केदादो एन एन्बिआर एल इन्फोर्मे एल लुनेस, सोमवारी रिपोर्ट पाठवायचं ठरलंय. मेक्सिको, कोलंबियाकडचे सहकारी ‘एन’ऐवजी ‘दे’ लावतील. चूक समजू नका.

माणसाला भेटायचं ठरलं तर ‘कोन’. ए केदादो कोन कार्लोस आ लास सेइस, कार्लोसला सहाला भेटायचं ठरलंय. इथे घाईत ‘मे’ घुसडलात आणि ‘मे केदे कोन कार्लोस’ म्हणालात, तर मी कार्लोसकडेच राहिलो असा अर्थ होतो. वेळ सांगताना ‘ओरा दे माद्रिद’ जोडा. माद्रिद उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत मीटिंगा चुकतात.

‘केदामोस’ वर्तमानकाळात आणि साध्या भूतकाळात सारखंच असतं. ‘केदामोस आ लास सेइस?’ असा सूर वर गेला की ‘सहाला भेटायचं का?’, सूर सपाट आणि आधी ‘आयेर’ असेल तर कालची गोष्ट.

प्रश्न : मग ‘केदार्से’ कशाला वेगळं शिकायचं?

‘केदार्से’ म्हणजे कर्त्याप्रमाणे मे, ते, से जोडून चालणारं केदार. वेगळं शिकायचं, कारण ‘राहणे’ खरं तिथेच आहे. मे केदे एन कासा, मी घरीच राहिलो. से केदो कायादो, तो गप्प राहिला. बाई असेल तर कायादा. अवस्था बदलली की ‘से’ लागतं: से केदो दोर्मिदा, तिला झोप लागली. ‘सिन’ जोडलं की एखादी गोष्ट संपल्याचं कळतं: मे केदे सिन बातेरीआ, माझी बॅटरी संपली. नोकरी गेली तरी हीच रचना: से केदो सिन त्राबाखो.

दुकानात पसंत पडलेली वस्तू घेताना ‘मे लो केदो’, हा घेतो. कामीसा स्त्रीलिंगी, म्हणून तिथे ‘मे ला केदो’. आणि स्पेनमध्ये कोणी डोळे बारीक करून ‘ते एस्तास केदांदो कोनमीगो?’ म्हणाला तर तो राहायला आलेला नाही. ‘फिरकी घेतोयस का माझी?’ असं विचारतोय. हा वापर स्पेनचा आणि तोही बोलीतला. परीक्षेच्या पत्रात लिहू नका.

प्रश्न : उच्चार आणि स्पेलिंग?

लिहायला क्यू, यू, ई, डी, ए, आर. त्यातला यू मुका. आपल्या केदार नावासारखाच ऐकू येतो, पण जोर ‘दार’वर, आणि दोन स्वरांमधला ‘द’ जीभ दातांना जेमतेम लावून, सैल. क्रियापद नियमित आहे, रूपं पाठ करण्यात वेळ घालवू नका. स्पेनच्या बऱ्याच भागांत आसुकारचा ‘स’ थ-सारखा होतो. केदारला त्याचा त्रास नाही.

प्रश्न : रस्ता विचारताना चालतं का?

चालतं. दोंदे केदा ला एस्तास्योन? स्टेशन कुठे आहे? लॅटिन अमेरिकेत हे फार ऐकू येतं, स्पेनमध्ये ‘एस्ता’ जास्त. मात्र जागच्या न हलणाऱ्या गोष्टींनाच लावा: शनिवारवाडा, बँक, गाव. किल्ल्या शोधताना ‘केदान’ नाही, ‘दोंदे एस्तान मिस यावेस?’, आणि कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना ‘एस’.