हायब्रिड सोर्सरेस हेलमध्ये टिकते का? टिकते, पण तुमची नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डायब्लो २ रिझरेक्टेड या गेममध्ये तुमची सोर्सरेस (जादूगारीण) लेव्हल ७१ला आहे, नुकतीच हेलमध्ये (नॉर्मल, नाइटमेअरनंतरची सगळ्यात अवघड पातळी) शिरली आहे, आग, बर्फ, वीज अशा मंत्रांच्या तिन्ही झाडांत पॉइंट टाकलेत आणि आता काहीच मरत नाही. मित्र म्हणतात हायब्रिड, म्हणजे एकाहून जास्त एलिमेंट मिसळलेलं, म्हणजे वाया गेलेलं कॅरेक्टर. तर एंडगेमसाठी हायब्रिड जादूगार करावा का, आणि केलाच तर पॉइंट नि गियर कसं ठेवावं?

‘वाया गेलेलं’ वाचलं आणि ताट तसंच ठेवून लिहायला बसलो. हे मी वीस वर्षं ऐकून राहिलोय. (पुण्याच्या वाचकांनी ‘ऐकून राहिलोय’वर लाल रेघ मारू नये. आम्ही इंदूरचे, आमच्याकडे असंच बोलतात.)

२००५चा मे महिना. रामबागेतलं आमचं जुनं घर, जेल रोडवरून सुटे भाग आणून जोडून घेतलेला पेंटियम ४, आणि उन्हाळ्याच्या सुटीत आलेला पुण्याचा आतेभाऊ. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून दादा. कॉम्प्युटर एक, खेळणारे दोघं, म्हणून आजीने नियम केला होता: एकेक तास, स्वयंपाकघरातल्या घड्याळाप्रमाणे. लाइट गेली तर तो तास ज्याचा त्याने भोगायचा. लाइट नेमकी माझ्याच तासाला जायची.

दादा येताना प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एका गाइडचे प्रिंटआउट घेऊन आला होता. ब्लिझर्ड सोर्सरेस, एकच झाड, कुठल्या लेव्हलला कुठला पॉइंट ते सगळं पेनाने टिक केलेलं. माझी सोर्सरेस तुमच्यासारखीच होती. थोडी फायर वॉल, थोडी चेन लाइटनिंग, थोडा ग्लेशियल स्पाइक, जे दिसलं ते घेतलं. लेव्हल ७४. हेलच्या दुसऱ्या ॲक्टमध्ये ते भुंगे येतात ना, मारलं की अंगातून चार्ज्ड बोल्ट सोडणारे, त्यांनी मला रडवलं. एक भुंगा मारायला माझा अख्खा माना जायचा आणि तोवर मीच आडवी. ‘मी परेशान झालोय’ म्हटलं तर दादा हसत म्हणाला, ‘वैतागलोय म्हण. तुझं मराठी आणि तुझी सोर्सरेस, दोन्ही खिचडी.’

माझं मराठी घरचं होतं, त्यावर मी काही बोललो नाही. पण सोर्सरेसबद्दल तो बरोबर होता, हे मान्य करायला मला फार वर्षं लागली. आणि तेव्हा पॉइंट परत मिळायची सोयच नव्हती. गेममधल्या अकाराकडून रिस्पेक (टाकलेले पॉइंट परत घेऊन नव्याने वाटणं) करून घ्यायची सोय २०१०च्या १.१३ पॅचने आली. २००५मध्ये चूक केली की ती कॅरेक्टरच्या कपाळावर कायमची. मी ती सोर्सरेस पुसली आणि लेव्हल १पासून परत सुरू केलं. तेव्हा मी दहावीला जाणार होतो आणि बाबांना वाटायचं मी टायपिंग शिकतोय.

आता मुद्द्याचं. हायब्रिड का लागतं? कारण हेलमध्ये इम्युनिटी आहेत. एका एलिमेंटच्या सोर्सरेसला कुठे ना कुठे अशी टोळी भेटतेच जिच्यावर तिच्या मंत्राचा शून्य परिणाम होतो. बर्फाची कोल्ड मास्टरी शत्रूचा रेझिस्ट (त्या एलिमेंटचा मार अडवायची टक्केवारी) खाली आणते, इम्युनिटी तोडत नाही. शत्रूचं आयुष्य कापणारं स्टॅटिक फील्डही हेलमध्ये अर्ध्या आयुष्याच्या खाली नेत नाही. म्हणून दुसरा एलिमेंट हवा. पण तो पहिल्याच्या बरोबरीला बसवायला नको, पहिला जिथे बंद पडतो तिथे चालवायला हवा. तुम्ही (आणि २००५चा मी) इथेच घसरतो. तीन झाडांत सारखं वाटप म्हणजे तीन अर्धवट मंत्र. सगळ्या पोरांना सारखी मिठाई द्यायला हे लग्नघर नाही.

दुसरा मंत्र कुठला घ्यायचा, हे लोक डॅमेजच्या आकड्यावरून ठरवतात. चूक. कोण कमी मागतो ते बघा. २००३च्या १.१० पॅचने सिनर्जी (एका मंत्रातले पॉइंट दुसऱ्याला बळ देतात ती सोय) आणल्या आणि तेव्हापासून प्रत्येक मंत्राला नातेवाईक झाले. ब्लिझर्डचे तीन: आइस बोल्ट, आइस ब्लास्ट, ग्लेशियल स्पाइक. म्हणजे ब्लिझर्ड पुरतं पोसायचं तर चौघांत २०-२०, ८० पॉइंट. हा भावंडांसकट राहायला येणारा पाहुणा. फ्रोझन ऑर्बची सिनर्जी एकच, आइस बोल्ट, आणि तीही लेव्हलमागे फक्त २ टक्के, म्हणजे न दिली तरी चालते. ऑर्ब २० पॉइंटांत खूश असतो. चहावर भागणारा पाहुणा. तोच बर्फाकडून घ्या आणि उरलेला संसार आगीवर चालवा.

हिशेब सरळ आहे. फ्रोझन ऑर्ब २०, फायरबॉल २०, मीटिऑर २०, झाले ६०. ऑर्बपर्यंतच्या वाटेवर पाच पायऱ्या (आइस बोल्ट, आइस ब्लास्ट, ग्लेशियल स्पाइक, फ्रॉस्ट नोव्हा, ब्लिझर्ड), मीटिऑरच्या वाटेवर चार (फायर बोल्ट, इन्फर्नो, ब्लेझ, फायर वॉल). वॉर्म्थ, स्टॅटिक फील्ड, टेलिकिनेसिस, टेलिपोर्ट एकेक. दोन्ही मास्टरी एकेक. एकूण ७५. तुमच्याकडे लेव्हल ७१चे ७० आणि नॉर्मल-नाइटमेअरच्या क्वेस्टचे ८, म्हणजे ७८ आहेत. सगळं आजच बसतं, वर तीन उरतात. पुढचे सगळे फायर मास्टरीत. कोणी म्हणालं की कोल्ड मास्टरीतही ‘थोडे थोडे’ टाक, तर त्याला तुमच्या खोलीत येऊ देऊ नका. तीन-चार पॉइंट ठीक, जास्त नाही.

फायरबॉल मुख्य का, मीटिऑर का नाही? मीटिऑर वरून पडेपर्यंत समोरचा हलतो. शिवाय ऑर्ब नि मीटिऑर दोघांनाही कास्टिंग डिले (परत टाकण्याआधी थांबणं) आहे, फायरबॉलला नाही. ऑर्ब टाकायचा, डिले संपेपर्यंत फायरबॉल, परत ऑर्ब. मीटिऑर बराचसा फायरबॉलची सिनर्जी म्हणून आहे, लेव्हलमागे १४ टक्के. आकाशातून दगड पाडणं दिसायला भारी, मी अजूनही पाडतो, पण ते हौस म्हणून. पूर्वी एका मंत्राचा डिले चालू असताना डिलेवाला दुसरा मंत्रही अडकायचा, रिझरेक्टेडच्या २.४ पॅचनंतर प्रत्येकाचा डिले वेगळा झाला. त्यामुळे आज मीटिऑर्ब (मीटिऑर नि ऑर्बची ही जोडी) २००५पेक्षा सोपी आहे. आम्ही केली तेव्हा ते अडथळे ओलांडून केली, हे दादाला कोणीतरी सांगा.

तर दादा. पुढच्या मे महिन्यात तो परत आला, त्याची ब्लिझर्ड सोर्सरेस सीडीवर घेऊन. माझी मीटिऑर्ब तयार होती. पैज लागली: हेल आधी कोण संपवतो. हरणाऱ्याने सराफ्यात जिंकणाऱ्याला हवं ते चारायचं. तिसऱ्या ॲक्टपर्यंत तो पुढे होता आणि ते मी नाकारत नाही. तिथला बॉस मेफिस्टो, त्याच्यासमोर एकट्या ब्लिझर्डला तोड नाही. खंदकापलीकडे उभं राहून त्याने त्याला चहा थंड व्हायच्या आत झोपवला. माझा चहा दोनदा गरम झाला.

पाचव्या ॲक्टमध्ये जिला सोडवायचं ती अन्या जिथे गोठलेली असते ती फ्रोझन रिव्हर आली. तिथे तिच्यापुढे फ्रोझनस्टाइन आपली टोळी घेऊन उभा असतो आणि बर्फाला दाद देत नाही. दादाने ब्लिझर्ड पाडलं. पांढरं, सुंदर, पडद्याभर. कोणालाही काही झालं नाही. परत पाडलं. मग स्टॅटिकने अर्ध्यावर आणून आपल्या मर्सिनरीला (भाडोत्री सोबत्याला) पुढे ढकलला, पण गाइडमध्ये मर्सिनरीचं पान नव्हतं म्हणून त्याला दुकानातला भाला दिलेला. तो बिचारा मेला. दादाने पोर्टल उघडून गावात जाऊन परत जिवंत केला. तो परत मेला. हा तास आजीच्या घड्याळाचा होता आणि आजी दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, ‘अरे, तिथे बर्फच आहे, तू अजून बर्फ कशाला टाकतोस?’

पॅच नोट्स वाचून वाचून जे आम्हाला कळायला वर्ष गेलं ते आजीने दारातून सांगितलं.

माझ्या तासाला मी त्याच टोळीवर फायरबॉल मारले. काही खास नाही, आठ-दहा मिनिटं लागली, एकदा मेलोही. पण अन्या सुटली. शेवटच्या बॉसपर्यंत, बालपर्यंत, मात्र दोघंही पोहोचलो नाही, कारण रविवारची त्याची पुण्याची गाडी होती. म्हणून त्याच्या मते पैज पूर्णच झाली नाही. माझ्या मते झाली. त्या रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि साबूदाण्याची खिचडी आम्ही आपापल्या पैशाने खाल्ली. खिचडी त्याने दोनदा घेतली. मी बोललो नाही.

गियरचं विचारलंय तुम्ही, ते उरकतो. एकाच एलिमेंटचा फायदा देणाऱ्या वस्तू हायब्रिडला अर्ध्याच लागू पडतात, म्हणून सगळ्या स्किल्सना वाढवणारं घ्या. स्पिरिट तलवार आणि ढाल (ताल, थुल, ऑर्ट, आम्न या रून बसवून होते) पुरून उरते; ढाल मोनार्क जातीच्या ढालीत करायची तर १५६ स्ट्रेंग्थ लागते, तेवढं ध्यानात ठेवा. ऑक्युलस (सोर्सरेसच्या हातातला गोळा) मिळाला तर चांगला, फक्त मार बसला की तो तुम्हाला स्वतःहून कुठेतरी टेलिपोर्ट करतो आणि ‘कुठेतरी’ म्हणजे बहुधा गर्दीच्या मधोमध. फास्टर कास्ट रेट (मंत्र टाकायचा वेग) ६३ गाठा. ३७ आणि ६२ यांत काडीचा फरक नाही. सोर्सरेसचा वेग पायऱ्यांनी वाढतो: ९, २०, ३७, ६३, १०५. हेलमध्ये रेझिस्टमधून १०० वजा होतात, तिन्ही डिफिकल्टीत अन्याला सोडवल्याच्या स्क्रोलनी ३० परत येतात, म्हणजे ७५च्या मर्यादेला टेकायला अंगावर १४५ हवेत. तुमची मरते ती बहुतेक यामुळेच, बिल्डमुळे नाही. आणि मर्सिनरी दुसऱ्या ॲक्टचा, हातात इनसाइट नावाचं रून बसवलेलं शस्त्र. आग आणि बर्फ दोन्हींना दाद न देणारे भेटतील ते तोच मारणार. त्याला दुकानातला भाला देऊ नका.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एक, हे सगळं डायब्लो २चं आहे. ग्रिम डॉन या दुसऱ्या गेममध्ये दोन मास्टरी घेणं हा खेळच आहे, पण तिथे शहाणपण उलटं: मास्टरी दोन, डॅमेजचा प्रकार एकच. पाथ ऑफ एक्झाइल या गेममध्ये ‘हायब्रिड’ म्हटलं की लोक लाइफ आणि एनर्जी शील्ड मिसळलेलं कॅरेक्टर समजतात, तो वेगळा विषय. तिथे जाऊन माझं नाव सांगू नका.

दुसरी गोष्ट माझ्या पोटावर पाय देणारी आहे. २०२२च्या २.५ पॅचने संडर चार्म आले. ते खिशात असले की त्या एलिमेंटची शत्रूची इम्युनिटी तुटून ९५ टक्क्यांवर येते. तुमचा स्वतःचा त्याच एलिमेंटचा रेझिस्ट मात्र जबर पडतो. तो सांभाळता आला आणि चार्म मिळाला, तर एकट्या ब्लिझर्डने किंवा एकट्या विजेने सगळीकडे फिरता येतं, आणि माझ्या मीटिऑर्बपेक्षा वेगाने. पण तो मिळायला टेरर झोन (जिथले शत्रू आणखी तगडे होतात ते भाग) खणावे लागतात आणि तिथे आधी जगावं लागतं. तोवर मीटिऑर्ब.

आता रिस्पेक. प्रत्येक डिफिकल्टीत डेन ऑफ ईव्हिल केलं की अकारा एक देते. नॉर्मलचा किंवा नाइटमेअरचा वापरला नसेल तर आज रात्रीच वापरा. हेलचा जपून ठेवा.

जाता जाता. रिझरेक्टेड आल्यानंतर दादाने परत खेळायला घेतलं. एक दिवस घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आत्याच्या मोदकांच्या फोटोखाली, त्याचा स्क्रीनशॉट आला: फ्रोझन ऑर्ब, फायरबॉल, हेल बाल मेलेला. खाली लिहिलं होतं, ‘ड्युअल एलिमेंट बिल्ड, खूप अभ्यास करून केलंय.’

मी लिहिलं, ‘हायब्रिड म्हण.’

निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.