कंबर पहाटेच का धरते?

प्रश्न : वय ३१. राहायला भांडुपला, नोकरी लोअर परळला. वर्षभर कंबर अधूनमधून धरते. थोडे दिवस बरे जातात, की पुन्हा तेच. पहाटे दुखण्यानेच जाग येते, उठल्यावर तासभर वाकून मोजे घालता येत नाहीत. करी रोडला उतरून ऑफिसपर्यंत चाललो की मोकळी होते, रविवारी लोळत पडलो तर जास्तच दुखते. एमआरआयमध्ये एल ४-एल ५ची गादी किंचित बाहेर आली आहे. आई लोकलच्या धक्क्यांना दोष देते. ऑपरेशन लागेल का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : ऑपरेशनची धास्ती आधी सोडा. गादी किंचित सरकलेली कितीतरी जणांच्या एमआरआयमध्ये दिसते, ज्यांची कंबर कधीच दुखलेली नाही त्यांच्याही. तुमचं दुखणं तिच्यामुळेच आहे, हे त्या एका ओळीवरून ठरत नाही.

लोकलवर मीही आळ घेतला असता. चौथ्या सीटवर अर्धवट टेकून रोज प्रवास केला तर कंबर कुरकुरणारच, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं दुखणं याच जातीचं असतं : स्नायूंचं किंवा गादीचं. पण ते सहसा बसून, वाकून, ओझं उचलून वाढतं आणि आडवं झालं की उतरतं. तुमचं नेमकं उलट आहे.

चाळिशीच्या आत सुरू झालेली, महिनोन्‌महिने रेंगाळणारी, पहाटे उठवणारी आणि चाललं की सैल होणारी कंबर म्हटली, की मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या गटातला संधिवात आठवतो. संधिवात म्हातारपणी होतो म्हणतात. हा मात्र बहुधा विशी-तिशीतच गाठतो. यात माकडहाडाच्या वर, कणा कमरेच्या हाडांना जोडला जातो तिथले दोन सांधे सुजतात. कमरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये ते पुरते येतातच असं नाही, आणि साध्या एक्स-रेत बदल दिसायला कधी कधी वर्षं जातात.

पत्रावरून निदान होत नाही, तेव्हा संधिवाततज्ज्ञांना भेटा. डोळा लाल होऊन दुखला होता का, टाचा दुखतात का, सोरायसिस आहे का, घरात कुणाला असा त्रास आहे का, हे आठवून जा. ते त्या सांध्यांचा एमआरआय आणि एचएलए-बी २७ ही रक्ततपासणी सांगतील. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही, आणि निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असंही नाही. तोवर पट्टा बांधून पडून राहू नका. चालणं चालू ठेवा. वेदनाशामक गोळ्या मनाने घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. गोळ्यांनी किती फरक पडतो, हाही निदानाचा एक धागा असतो.

संध्याकाळी ताप, वजन उतरणं सुरू झालं तर थांबू नका. आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही. आणि लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, मग रविवार असो की गणपती विसर्जन.