कायम नोकरी आणि तासांचा हिशोब: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवते. तासावर मानधन देण्याचं हे खूळ आलं कुठून? (रत्नागिरी)

याच्या मुळाशी असलेला विचार कारखान्यातला. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने पोलाद कारखान्यांत घड्याळ लावून कामगारांचं काम मोजलं. त्याचा अनुयायी मॉरिस कुक याने 1910 मध्ये कार्नेगी फाउंडेशनसाठी विद्यापीठांची पाहणी केली आणि 'विद्यार्थी-तास' हे माप सुचवलं. एका विद्यार्थ्याला एक तास शिकवलं की एक एकक. त्यावरून खर्च काढा, विभागांची तुलना करा.

तुमच्या रजिस्टरवर सही होते तीही घेतलेल्या तासाचीच. जर्नल तपासणं, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली, गॅदरिंगच्या तालमी हे सगळं सहीबाहेर. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून मानधनही नाही.

प्रश्न : कायम झाला की प्राध्यापक सुस्तावतो, असं आमचे संस्थाचालक म्हणतात. मग कायम करायचं तरी कशाला? (दापोली)

सुस्तावतात काही जण, नाकारत नाही. पण कायमपण मागितलं गेलं ते वेगळ्याच कारणासाठी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक एडवर्ड रॉस यांची मतं संस्थापक जेन स्टॅनफर्ड यांना रुचली नाहीत आणि 1900 मध्ये रॉस यांना जावं लागलं. कुकच्या अहवालानंतर पाचच वर्षांनी, 1915 मध्ये, अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी संघटना काढली. संघटनेच्या 1940 च्या निवेदनात परीक्षाकाळाची (प्रोबेशनची) कमाल मर्यादा ठरली 7 वर्षं; त्यापुढे सबळ कारणाशिवाय काढायचं नाही.

ब्रिटन उलट्या दिशेने गेलं. 1985 च्या जॅरट अहवालाने कुलगुरूंना मुख्य कार्यकारी अधिकारी ठरवलं आणि 1988 च्या कायद्याने नव्या नेमणुकांचं ते संरक्षण काढून घेतलं.

आपल्याकडचं बघा. खाणीच्या जनसुनावणीत भूगोलाचा प्राध्यापक बोलायला उभा राहिला आणि संस्थेच्या कार्यकारिणीत खाणमालकाचा मेहुणा बसलेला असला, तर? कायम असलेला निदान तोंड उघडेल. सीएचबीवाला पुढच्या जूनमधल्या नेमणुकीच्या ऑर्डरकडे बघून गप्प बसेल. एखाद्या आळशाचा पगार सोसावा लागला तरी मला हा सौदा महाग वाटत नाही.

प्रश्न : एपीआय (बढतीसाठी शोधनिबंध वगैरेंना गुण देणारी पद्धत) गेलं म्हणतात. आता पेपर छापायची घाई नको ना? (सावंतवाडी)

घाई नको, पण सुटका झाली असंही समजू नका. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2010 मध्ये या गुणांचं कोष्टक आणलं आणि पैसे घेऊन छापणाऱ्या, आयएसएसएन हा नोंदणी क्रमांक मिरवणाऱ्या मासिकांचं पेव फुटलं. 2018 च्या नियमांनी कॉलेजातल्या कॅसचा (बढती योजनेचा) जाच बराच हलका केला. तरी प्रोफेसर पदासाठी 10 शोधनिबंध लागतातच. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीची केअर यादीही (मान्य नियतकालिकांची यादी) बंद झाली, त्यामुळे नियतकालिकाची पारख आता विद्यापीठांवर आली आहे. 'आठ दिवसांत छापून देतो, फी आगाऊ' असा मेल आला तर डिलीट करा.